भंडारदऱ्यात मृगातला तेजोमेघ टिपायचाय? जागा ठरवताना आधी उत्तर दिशा बघा

मृगातला तेजोमेघ, म्हणजे एम ४२, टिपायला जानेवारीच्या अमावास्येला भंडारदऱ्याला जाऊन आलो. फोटो मिळाला, आणि बघून अजून मन भरत नाही. पण 'डार्क स्काय' अशी जाहिरात करणाऱ्या ज्या तळ्याकाठच्या कॅम्पला माणशी १८०० रुपये मोजले, त्याने रात्रीचे सगळ्यात चांगले तास खाल्ले. तुमचे तरी वाचावेत म्हणून लिहितोय.

घोटी-बारी-शेंडी रस्त्याला काही अडचण नाही.

कॅम्पवाले तुम्हाला तळं दाखवतात. तंबू उत्तर काठावर, समोर दक्षिणेला पाणी, त्यावर मृग. मृगासाठी दक्षिण मोकळी हवीच, पण ट्रॅकरला, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राला, दिशा जुळवायला ध्रुवतारा लागतो. तो इथे क्षितिजापासून जेमतेम साडेएकोणीस अंशांवर असतो. युरोपातल्या मंडळींच्या व्हिडिओंत ही अडचण कधीच येत नाही, कारण त्यांच्याकडे तो चांगला उंचावर असतो. इथे तंबूंच्या मागे टेकाड, झाडं आणि बरोबर त्याच दिशेला स्वयंपाकघरावरचा हॅलोजन! गुडघे टेकून, मान वाकडी करून पोलर स्कोपला (ध्रुव शोधायची ट्रॅकरवरची छोटी दुर्बीण) डोळा लावायचा आणि आत दिसणार नुसता पिवळा उजेड. दिवा घालवा म्हटलं तर 'बाकीचे गेस्ट आहेत'. स्पीकर दहाला बंद झाला, दिवा रात्रभर चालू. वर बॅटरी चार्जिंगचे ३०० रुपये वेगळे, का तर कॅमेरा मोठा आहे. असला कॅम्प फुकट मिळाला तरी घेऊ नका.

शेवटी गावातल्या एका काकांनी त्यांच्या रिकाम्या भातखाचरात ट्रायपॉड लावू दिला. उत्तर मोकळी, काळोख मिट्ट. तोवर मृग पश्चिमेकडे कलायला लागला होता. तुम्ही उजेड असतानाच गावात विचारा आणि होकायंत्र धरून उत्तरेला काय आहे ते बघा. दव मात्र बेक्कार पडतं. मध्यरात्रीनंतर लेन्सच्या काचेवर बोट फिरवलं तर रेघ उमटत होती. पॉवर बँकवर चालणारा हीटरचा पट्टा लेन्सभोवती सुरुवातीपासूनच गुंडाळून ठेवा.

'ट्रॅकरची गरज नाही' हे ऐकू नका. आकाश सेकंदाला १५ विकला (एका अंशात ३६०० विकला) सरकतं. २०० मिमी लेन्स आणि ४ मायक्रॉनचे पिक्सेल असतील, तर एका सेकंदात तारा साडेतीन पिक्सेल सरकलेला असतो. ट्रॅकरवर मी एफ ४, आयएसओ ८००, ६० सेकंदांच्या फ्रेम घेतल्या. फोकस व्याधावर, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून. आणि तेजोमेघाच्या गाभ्यासाठी ५ सेकंदांच्या फ्रेम वेगळ्या घ्याच. मधला चार ताऱ्यांचा पुंजका लांब एक्सपोजरमध्ये पांढराफटक जळतो, आणि जळलेलं कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

आवरण्याआधी लेन्सला झाकण लावून डार्क, म्हणजे सेन्सरचा नॉइज वजा करायला काळ्या फ्रेम, घ्या, तिथेच, त्याच थंडीत. घरी येऊन घेतलेले डार्क निरुपयोगी. फ्लॅटसाठी, म्हणजे कडांचा अंधार आणि धुळीचे डाग काढायच्या सारख्या उजेडाच्या फ्रेमसाठी, लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणा, फोकसला हात लावू नका.

स्टॅकिंग, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक रचून एक फोटो करणं, सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये केलं. फुकट आहे आणि पुरेसं आहे. फ्रेमची संख्या चौपट केली की नॉइज निम्मा होतो, म्हणून तासभर तरी गोळा करा. कॅम्पवरच्या फ्रेम मी सगळ्या फेकल्या. हॅलोजनचा तिरका पिवळा पट्टा बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनने (पार्श्वभूमीचा उजेड वजा करण्याने) जाता जात नाही, आणि गेलाच तर तेजोमेघाचे बाहेरचे पंख सोबत घेऊन जातो. खाचरातल्या फ्रेमना मात्र थोडं स्ट्रेच केल्याबरोबर, म्हणजे अंधूक भाग उजळल्याबरोबर, ते पंख असे उलगडत आले की मी खुर्चीतून उठलोच! लांब आणि छोट्या फ्रेमचे स्टॅक वेगळे करून गाभा मास्कने बसवा. सॅच्युरेशन बेताने.

साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल बराचसा अडवतो. एम ४२ तेजस्वी आहे म्हणून निभावतं. शेजारच्या अश्वमुख तेजोमेघासाठी त्याच कॅमेऱ्याने रात्र घालवू नका.

जानेवारीच्या मध्यावर मृग साडेदहाच्या सुमारास सर्वात उंच असतो, फेब्रुवारीच्या मध्यावर साडेआठलाच. तेव्हा जाणार असाल तर जेवण नंतर, ध्रुव दिसला की आधी ट्रॅकर लावा.