तारे बघायचेत? फॉर्म भरा!

मुलांना तारे दाखवायला दुर्बीण लागत नाही, गच्चीची किल्ली लागते. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत ती सेक्रेटरींच्या घरी असते.

१८ जानेवारीला, रविवारी, अमावास्या होती म्हणून मी आठवडाभर आधीच गेले. "अर्ज द्या." दिला. "साधा कागद नको, छापील फॉर्म." तो फॉर्म बारशा-मुंजींसाठीचा. समारंभाचा प्रकार, पाहुण्यांची संख्या, केटरर कोण, डीजे आहे की नाही, अनामत २००० रुपये. प्रकारापुढे मी 'तारे बघणे' लिहिलं. पाहुणे दोन, वय साडेआठ आणि पाच. सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "वाढदिवस आहे का कुणाचा?" नाही म्हटल्यावर त्यांना जास्तच संशय आला. "कमिटीपुढे ठेवतो."

कमिटी बसली २५ तारखेला. दोन तास लिफ्टवरून भांडण झालं, आमचा विषय राहिला. मी तीनदा जिने चढले. वॉचमनदादा म्हणाले, "मॅडम, ३१ डिसेंबरला वर बाटल्या सापडल्या, तेव्हापासून हे असं आहे." बाटल्या कुणाच्या, आणि फॉर्म कोण भरतंय! शेवटी ग्रुपवर मंजुरी आली: रविवार, १ फेब्रुवारी, रात्री ८ ते ९.३०. म्हणजे नेमकी माघी पौर्णिमा. मी तसं सांगितलं, तर सेक्रेटरी म्हणाले, "मग बरंच की, उजेड असेल!"

काय बोलणार?

मधले दिवस बाल्कनीत काढले. पार्किंगचा हॅलोजन डोळ्यांत येतो, तरी गुरू दिसायचा. २०२६च्या त्या जानेवारीत तो मिथुन राशीत होता. दहा बाय पन्नासची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) दुर्बीण हातात हलते, म्हणून कोपरं कठड्यावर टेकवायची. मग त्याच्या शेजारी दोन-तीन बारीक ठिपके दिसतात, ते त्याचे चंद्र. दुर्बिणीचा पट्टा आधी मुलांच्या गळ्यात घालायचा, हे धाकट्याने ती एकदा पाडल्यावर सुचलं.

पौर्णिमेला वर गेलो तर कृत्तिकांचा तारकापुंज चांदण्यात गडप. पण मृग नक्षत्र झकास दिसत होतं. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्याच रेषेत खाली व्याध हा तेजस्वी तारा. मोठीला सांगितलं, हा प्रकाश तिथून निघाला तेव्हा तू नुकतीच जन्मली होतीस. व्याध साधारण ८.६ प्रकाशवर्षं लांब आहे. ती म्हणाली, "म्हणजे तो आत्ता तिथे आहे की नाही, हे आपल्याला माहीतच नाही?" धाकट्याला चंद्रावरचा ससा सापडला आणि त्याने बाकी आकाशाकडे पाठ फिरवली. पौर्णिमेला चंद्रावरची विवरं नीट दिसत नाहीत, सावल्याच पडत नाहीत ना. त्यासाठी अष्टमीच्या आसपास बघावं, उजेड-अंधाराच्या सीमेवर.

हो, आणि टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावा. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि एकदा मोबाइल चमकला की पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे तो वॉचमनदादांचा चमकला. सव्वानऊलाच, "वेळ झाली" सांगायला.

पुढच्या अमावास्येचा फॉर्म दुसऱ्याच दिवशी दिलाय. या वेळी मोठीने स्वतः भरला. केटररच्या रकान्यात 'आई' लिहिलंय.