मंगळावर किती शिट्ट्या?

विज्ञानकथा लिहिणाऱ्याचं टेबल लोकांना वाटतं तितकं तारांकित नसतं. त्यावर कॅल्क्युलेटर असतो, खोडाखोड केलेला पाठकोरा कागद असतो आणि बऱ्याचदा कुठल्या दाबाला पाणी किती अंशांवर उकळतं त्याचा तक्ता. यान कसं उडालं ते वाचक फारसं विचारत नाही, लेखकाची तेवढी थाप तो पोटात घालतो. तो अडतो दुसऱ्या पानावर, यानातून उतरलेली बाई वरणभाताचा कुकर लावते तिथे.

हा कुकर नीट लावून बघू.

मंगळावरच्या वस्तीत हवेचा दाब पुण्या-मुंबईइतका ठेवायची गरज नाही, निम्मा पुरतो. भिंतींवर ताण कमी येतो. शिवाय बाहेर जाताना चढवायच्या पोशाखात दाब त्याहूनही कमी असतो, त्यामुळे शरीराला जुळवून घ्यायला लागणारा वेळ वाचतो. पण मग श्वासाला पुरावा म्हणून हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून ४० च्या पुढे न्यावा लागतो, आणि अशा हवेत आग भराभर पसरते. म्हणजे गॅसची शेगडी बाद, विजेची आली. फोडणीही जपून, कारण मंगळावर गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्केच. तडतडलेली मोहरी इथल्यापेक्षा अडीच पटींहून उंच उडते. झाकण हाताशी हवं.

निम्म्या दाबाला पाणी ८१-८२ अंशांवरच उकळायला लागतं. लेहला ते साधारण ८८ अंशांवर उकळतं आणि तिथेच डाळ शिजता शिजत नाही, तर इथली गत काय सांगावी! चहा खळखळतो पण रंग धरत नाही. तूरडाळ रटरटत राहते आणि बोटांत दाबली की कणी लागतेच. म्हणून कुकर.

आता कुकरची शिट्टी म्हणजे मुळात एक वजन. वाफेने ते उचललं की शिट्टी झाली. आपल्याकडे ते बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक वातावरणभर, म्हणजे आपल्या नेहमीच्या हवेच्या दाबाइतका, जास्त दाब आत धरून ठेवतं. आत एकूण दोन वातावरणं, तापमान १२० अंशांच्या आसपास. तोच कुकर मंगळावर नेला की शिट्टीचं वजन ३८ टक्क्यांवर येतं. तिची धरून ठेवायची ताकद ०.३८, बाहेरचा दाब ०.५, बेरीज ०.८८. पाणी ९६-९७ अंशांवर उकळणार. शिट्ट्या मात्र फटाफट होणार! बाई सवयीने तीन मोजून शेगडी बंद करणार आणि झाकण उघडल्यावर तळाशी पिवळं पाणी, त्यात डाळ जशीच्या तशी.

उपाय? शिट्टी चौपट जड केली तर आत पुन्हा दोन वातावरणं मिळतात. पण बाहेरचा दाब निम्मा असल्यामुळे कुकरच्या भांड्यावर नेहमीच्या दीडपट ताण येतो, म्हणजे झाकण, रिंग, पकड सगळंच दणकट हवं. त्यापेक्षा शिट्टी २.६ पट जड करावी. भांड्यावर नेहमीइतकाच ताण, आत दीड वातावरण, १११-११२ अंश, फक्त डाळ जास्त वेळ ठेवायची. मला हा दुसरा मार्ग पसंत आहे. संसारी माणूस हाच निवडेल.

एवढ्या आकडेमोडीतलं कथेत किती यावं? एक वाक्य. ‘कुकर घरून आणलेला होता, शिट्टी तेवढी इथे घडवलेली, चांगली जड.’ बाकीचा कागद टोपलीत. नवशिक्या लेखकाचा हात नेमका इथे सुटतो. केलेला हिशेब वाया जाऊ नये म्हणून तो एखाद्या शास्त्रज्ञाला उभा करतो आणि दीड पान व्याख्यान देववतो. डाळ तिकडे लागते.

मोठी थाप एकच आणि तीही लवकर मारावी, हे जयंत नारळीकरांच्या पानिपतावरच्या कथेत लख्ख दिसतं. १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाजवळून निघून जाते. थाप एवढीच. पुढे प्राध्यापकमहाशय मुंबईला येतात तेव्हा बदललेला इतिहास त्यांना भाषणांतून कळत नाही, आगगाडीच्या डब्यावर रंगवलेला छोटासा युनियन जॅक दिसतो. तो छोटा आहे हीच खरी करामत.

अद्भुतकथेला हिशेब लागत नाही, असा एक समज आहे. तो असणाऱ्यांनी श्रावणातल्या कहाण्या ऐकाव्यात. आदित्यराणूबाईचा वसा काय ते सांगताना विड्याचं पान, रक्तचंदन, सहा रेघांचं मंडळ, सहा सुतांचा तातू, त्याला सहा गाठी, असं मोजून मापून येतं. वर ‘उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील’ ही अट. चमत्काराची कृती आणि तो बंद पडायचं कारण, दोन्ही हातात दिलेलं. जादूला किंमत नसली की कथा तिसऱ्या प्रसंगात मरते, कारण नायकावर काहीही आलं तरी वाचकाला ठाऊक असतं, फिरवील आता कांडी.

संवादाचं मात्र फार जणांचं चुकतं. मंगळावरून पृथ्वीवर ‘हॅलो, हॅलो’ चालत नाही. ग्रह जवळ असताना संदेशाला एका दिशेने तीन मिनिटं लागतात, लांब असताना बावीस. तेव्हा बोलणं फोनसारखं न लिहिता पत्रासारखं लिहावं. प्रश्न साठवून पाठवायचे, उत्तरं एकमेकांना ओलांडून येणार, मागचा रुसवा निवळल्यावर त्याची समजूत पोचणार. लेखकाला याहून चांगलं काय हवं?

कोथरूडहून आई विचारते, ‘डाळीला किती शिट्ट्या घेतल्यास गं?’ लेक हसून सांगते, ‘इथल्या शिट्टीचं काही विचारू नकोस, मी घड्याळ लावते.’ आईला ते ऐकू येईपर्यंत तिने विचारल्याला चव्वेचाळीस मिनिटं झालेली असतात. इकडे वाफ जिरून, कुकर उघडून, लेक जेवायला बसलेली असते.