रेघेच्या खाली

कुंडलिकेच्या पात्रातला कुठलाही मोठा दगड जवळ जाऊन पाहिला तर त्यावर एक रेघ दिसते. तिच्या खाली दगड काळपट, वाळलेल्या शेवाळाने खरखरीत झालेला. वर राखाडी, कोरडा. रोज सकाळी पाणी त्या रेघेपर्यंत चढतं. आमच्याकडचे कातकरी मासे धरायला संध्याकाळी पात्रात उतरतात, त्यांच्या पोरासोरांनाही ही रेघ कळते. कोलाडला येणाऱ्या पाहुण्याला ती कुणी दाखवत नाही.

मी अकरा वर्षं इथे राफ्ट चालवतो. पाऊस संपल्यावरही नदीला एवढं पाणी कुठून, हे दर राफ्टमध्ये कुणीतरी विचारतंच. हे पाणी विजेचं आहे. घाटावर मुळशीला अडवलेलं मुळा नदीचं पाणी १९२७ पासून डोंगर उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतंय. सेनापती बापटांनी १९२१ साली ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तेच हे मुळशी. आपल्या वाटेने गेलं असतं तर ते भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. इथे वीज करून ते कुंडलिकेत पडतं आणि रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. सकाळी रावळज्याच्या बंधाऱ्यातून पाणी सुटलं की आमचा धंदा सुरू, दुपारनंतर नदी उतरते. विजेच्या गरजेप्रमाणे सुटायची वेळही मागेपुढे होते. संध्याकाळी पात्रात घोटाभर पाणी, गोलगोल गोटे आणि मधे बैठकीसारखे सपाट दगड. माणसाला तिथे बसावंसं वाटणारच, यात पाहुण्याचा दोष मी कधीच धरत नाही.

डिसेंबरातला शनिवार होता. राफ्टच्या ठिगळाला अंधार पडायच्या आत सोल्युशन लावायचं म्हणून मी घाईत काठाने चाललो होतो. वाटेतल्या एका कॅम्पसमोर पात्रातल्या सपाट दगडावर एक कुटुंब बसलं होतं. आई, वडील आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी. कॅम्पवाल्यांनी त्या दगडावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि बॅटरीचा दिवाही नेऊन ठेवला होता. मुलगी गोट्यांची लगोरी रचत होती. मी कॅम्पच्या पोऱ्याला म्हटलं, "सकाळी यांना तिथं बसू देऊ नको रे." तो म्हणाला, "हो दादा, सांगतो." मी पुढे गेलो. त्या दगडापर्यंत वीस-पंचवीस पावलं असतील.

रविवारी सकाळी धुकं होतं. आमच्या चार राफ्ट, माझी दुसरी. निघण्याआधी मी प्रत्येकाचं लाइफ जॅकेट स्वतः तपासतो. खांद्याचे पट्टे धरून वर उचलायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे, पाण्यात ते वर आणि माणूस खाली. काठावर आवळलेले पट्टे लोक फोटोसाठी परत सैल करतात आणि मला ते परत आवळायला लागतात. दुसरी गोष्ट मी तीनदा वदवून घेतो: पाण्यात पडलात तर उताणं व्हा, पाय वर, उभं राहू नका. वाहत्या पाण्यात उभं राहिलं की पाऊल दोन दगडांच्या फटीत जातं आणि पाण्याचा जोर माणसाला पुढे पाडतो. कमरेएवढ्या पाण्यातही माणूस असा बुडतो. पट्टीचा पोहणाराही.

त्या कॅम्पच्या वरच्या वळणावर असतानाच मला शिट्टी ऐकू आली. लांब, तीनदा. कयाक म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी होडी; आमचा कयाकवाला पुढे होता, त्याची शिट्टी. वळण घेतलं आणि तोच दगड दिसला. त्यावर आई आणि मुलगी. चहा आणायला की कशाला वडील काठावर गेले होते. तेवढ्यात दगड आणि काठ यांच्यामधली बारा-पंधरा फुटांची चर भरली. आमच्या नदीला पाणी भिंतीसारखं धावून येत नाही. आधी पालापाचोळा आणि फेस येतो, मग गोटे एकेक करून दिसेनासे होतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं, अजून वेळ आहे. वडिलांनाही तसंच वाटलं असणार. ते गुडघाभर पाण्यात उतरले आणि मधे पोचेपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात अडकले. उभे होते, पण पुढे झुकलेले. पाय हलत नव्हता. ते पाहिल्याबरोबर मला काय ते कळलं.

आम्हाला शिकवलेला क्रम असा: आधी आवाज, मग हात, मग दोरी, मग बोट, सगळ्यात शेवटी आपण स्वतः. मी राफ्ट वरच्या बाजूला काठाला लावली, सातही जणांना बाहेर काढलं. तेवढ्यात ती बाई नवऱ्याकडे जायला दगडावरून एक पाय खाली सोडत होती. मी ओरडलो, "बसा खाली! मुलीला धरा!" कुठल्याही बाईशी मी त्या आवाजात बोललेलो नाही. ती बसली. मुलगी रडत होती आणि दगडाच्या कडेवरून पाणी आत येत होतं. दगडाचा माथा रेघेच्या खाली आहे, म्हणजे तो बुडणार, हे मला ठाऊक होतं. किती मिनिटांत, ते ठाऊक नव्हतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले ते लोक डोळ्यांपुढे आले. तरी मी वडिलांना आधी घेतलं. दगडावरच्या दोघी बसलेल्या होत्या. हा माणूस थकला की तोंडावर पडणार होता, आणि मग त्याचं डोकं पाण्याबाहेर काढणं कुणाच्या हातात राहिलं नसतं.

कयाकवाला दगडामागच्या शांत पाण्यात शिरून वर चढला. मी थ्रो बॅग फेकली. पिशवीतून वीसेक मीटर दोरी सुटत जाते. पहिला फेक तोकडा पडला. अशा वेळी दोरी परत पिशवीत भरत बसायची नाही. ओढून पायाशी घ्यायची आणि पिशवीत पाणी भरून त्याच वजनावर फेकायची. दुसऱ्यांदा ती कयाकवाल्याच्या हातात बसली. आता एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. खालच्या बाजूने दोरी वर आणत आणत आम्ही ती वडिलांच्या छातीला लावली. "दोन्ही हात दोरीवरून टाका, अंग दोरीवर सोडा, हाताला गुंडाळू नका." माझ्या राफ्टमधल्या दोन पोरांनी मागून माझं जॅकेट धरलं आणि जमिनीवर फतकल मारली. सकाळभर ती रील काढत होती, मी वैतागलो होतो त्यांच्यावर. दोरी मी सोडली नाही ती त्यांच्यामुळे.

छातीला आधार मिळाल्यावर वडिलांच्या चेहऱ्यावर जरा शुद्ध आली. मी सांगत होतो, "पाय पुढे ओढू नका. जिकडून आत गेला तिकडूनच मागे घ्या. गुडघा वाकवा, टाच उचला." तिसऱ्या खेपेला पाय निघाला, बूट आतच राहिला. कयाकवाल्याने त्याचं टोक सोडलं, आणि माझ्या दोरीवर झोका घेतल्यासारखे ते काठाला येऊन लागले.

तोवर आमची तिसरी राफ्ट दगडामागे येऊन उभी होती. दगडावर दोन बोटं पाणी चढलं होतं. लहान मापाचं जॅकेट कुणाकडेच नव्हतं, कारण चौदा वर्षांखालच्या मुलांना आम्ही राफ्टमध्ये घेत नाही. मोठंच घालून पट्टे पाठीवर फुली मारून बांधले आणि मुलीला उचलून आत घेतलं. मग आईला. आम्ही काठाला लागलो तेव्हा दगड दिसत नव्हता. एक खुर्ची वाहून खालच्या वळणावर झाडाच्या मुळात अडकली होती.

कॅम्पचा मालक आला आणि आधी खुर्चीची चौकशी केली. हे मी त्याच्या तोंडावर बोललो, इथेही लिहितो. नदीकाठच्या तंबूचे पैसे घेताना नदी कशी चालते हे सांगायला त्याच्याकडे माणूस नाही, पाटी नाही, मुलांच्या मापाचं एक जॅकेट नाही. पोऱ्या मागे उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो रडवेला झाला. म्हणाला, "दादा, ते झोपले होते तेव्हा सांगायला गेलो, मग नाश्त्याच्या गडबडीत राहिलं." सतरा-अठरा वर्षांचं पोर, पहाटे पाचपासून पोहे आणि चहा एकट्याने बघत होतं.

संध्याकाळी पाणी उतरल्यावर मी चरीत गेलो. बूट फटीत टाचेपर्यंत रुतलेला होता, नाडीची गाठ तशीच. हाताने निघेना. पॅडलचा दांडा घालून उचकटला. नुसता मोजा घातलेला पाय जेमतेम बसेल एवढा छोटा कोनाडा, त्यात बुटासकट अख्खं पाऊल गेलं होतं.

चार दिवसांनी त्या वडिलांचा फोन आला. पाय मुरगळला होता, हाड शाबूत होतं. "तुम्ही देवासारखे आलात," म्हणाले. मुलीला फोन दिला, ती "थँक्यू काका" म्हणाली. बूट कुरिअरने पाठवू का विचारलं, तर म्हणाले, राहू द्या. मी बराच वेळ हो-हो करत राहिलो. आदल्या संध्याकाळी मी त्यांना त्या दगडावर बसलेलं पाहिलं होतं, तिची लगोरीही पाहिली होती. ते मी त्यांना सांगितलं नाही.