पोर 'मी येत नाही' म्हणतं तेव्हा

फेब्रुवारी, रविवार रात्र

गाळप उतरणीला लागलंय. कर्नाटकातल्या चिकोडी, अथणी, रायबागकडच्या फडांत तुटलेल्या उसापेक्षा वाढेच, म्हणजे उसाचे शेंडेच, जास्त दिसतात. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांपुढं, म्हणजे झोपड्यांपुढं, उचलीचा हिशेब बोटांवर चाललेला असतो. उचल म्हणजे टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे. फिटली नाही तर पोरगं मागं ठेवून घेण्याचे प्रकार याच दिवसांत घडतात. बैलं राखायला म्हणून, नाहीतर मुकादमाच्या घरकामाला. कानडीत याला सरळ 'जीत', म्हणजे वेठबिगारी, म्हणतात. मराठीत आपण 'कामाला ठेवलंय' म्हणून पांघरूण घालतो.

सोडवायला गेलेली माणसं अडतात ती पोरापाशी. दहा वर्षांचं पोर गाडीत चढत नाही, 'मला हितंच ऱ्हायचंय' म्हणतं. तेवढंच जबाबात लिहून मोकळं होणं सोपं असतं. खरं तर 'जायचंय का?' हा प्रश्नच विचारू नये. मुकादम दिसणार नाही पण आई दिसत राहील अशा जागी बसवावं आणि विचारावं, 'तू गेलास तर मागं कुणाला काय होईल?' मग एकेक निघतं. आईचा खाडा धरतील. बाबाला मारतील. धाकटीला कोण बघणार?

त्याची भीती खोटी नसते. नुसत्या बालकामगार कायद्याखाली पोर उचललं, तर २४ तासांत ते बाल कल्याण समितीपुढं आणि तिथून बहुधा बालगृहात. टोळी त्याच रात्री सीमेपलीकडं गेलेली असते, फोन बंद. असं पोर बालगृहातून पळालं तर नवल कसलं?

म्हणून १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा अख्ख्या कुटुंबाला लावायचा. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडं, बहुधा उपविभागीय अधिकाऱ्याकडं. बेळगाव जिल्ह्यात बेळगाव, बैलहोंगल आणि चिकोडी असे तीन उपविभाग आहेत. उचल किती, कुणी दिली, कोऱ्या कागदावर अंगठा घेतला का, गावी जाऊ दिलं का, हे आईबापांना वेगवेगळं विचारावं. कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी धनकोवर असते. कलम ६ नं ते कर्जच संपतं, आणि आईबापाला हेच सगळ्यात आधी सांगायला हवं. पोराचा पाय तिथंच मोकळा होतो.

'आईबापाला मदत करतंय' ही मुकादमाची ठरलेली ढाल. बालकामगार कायद्यातली घरच्या धंद्याची सूट शाळा सुटल्यावरच्या किंवा सुट्टीतल्या मदतीपुरती आहे. ऐन शाळेच्या दिवसांत पहाटे चारला दुसऱ्याच्या फडात मोळ्या वाहणारं पोर त्यात बसत नाही.

वेठीतून सुटल्याचं सरकारी मुक्ती प्रमाणपत्र कानडीत येतं. 'बिडुगडे' (सुटका) एवढा शब्द ओळखीचा वाटला म्हणून सही करू नये. जबाब आणि प्रमाणपत्र मराठीत वाचून घ्यावं. प्रत्येकाच्या नावानं वेगळी प्रत हवी, पोराचीसुद्धा, कारण तातडीची ३०,००० रुपयांपर्यंतची मदत माणसागणिक असते. पुढचं पुनर्वसन प्रौढ पुरुषाला १ लाख, बाई आणि मुलाला २ लाख, पण ते खटल्याच्या निकालाशी बांधलेलं. त्या भरवशावर कुणी नवी उचल घेऊ नये. वयाला शाळेचा किंवा जन्माचा दाखला चालतो, आणि तो नेमका गावी राहिलेला असतो. छाप्याच्या आदल्या दिवशीच मागवून ठेवावा.

बैलगाडीच्या टोळीत आणखी एक गाठ असते. पोर शेवटी विचारतं, 'आणि बैलं?' कुटुंबाची स्वतःची बैलं उचलीपायी गहाण असली, तर वेठबिगार कायद्याच्याच कलम ७ खाली तीही मोकळी होतात. पंचनाम्यात बैलांची जोडी, रंग, शिंगं, गाडी आणि चारा लिहून घ्यावा, आणि माणसांच्या गाडीमागं दुसरा टेम्पो सांगून ठेवावा.