समोरच्या काकू आणि आउटलुक

गणपतीला गावी निघताना माझं घोडं दर वर्षी एकाच ठिकाणी अडतं. तिकिटाचं नाही. बुकिंग ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं आणि ती लढाई जिंकून किंवा हरून केव्हाच झालेली असते. दादरहून मखराचं सामान येतं, बॅगेची चेन बसवायला नवरा बॅगेवर बसतो, सगळं होतं. अडतं ते शेवटच्या दिवशी संध्याकाळी ६ वाजता, लोअर परळच्या ऑफिसात, आउटलुक या मेलच्या प्रोग्रामातल्या ‘ऑटोमॅटिक रिप्लाय’च्या चौकटीत. रजेवर असताना मेल करणाऱ्याला आपोआप जाणारं उत्तर तिथे लिहून ठेवायचं.

तिथे चौकटी दोन असतात. एक ऑफिसातल्यांसाठी, एक बाहेरच्यांसाठी. मी दोन्हींत मुकाट्याने तेच वाक्य डकवते, जे अख्खी मुंबई डकवते: ‘आय विल हॅव लिमिटेड ॲक्सेस टू ईमेल’. शुद्ध थाप. कणकवलीजवळच्या आमच्या वाडीत पडवीच्या उजव्या खांबाला टेकून उभं राहिलं की फुल रेंज येते. तो खांब एका बाजूने गुळगुळीत झालाय, आणि तो आमच्या पाठींनीच झालाय असा सासूबाईंचा दावा आहे.

हे असं यंत्राकडून निरोप ठेवणं वाटतं तितकं नवं नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कलीत एरिक ऑलमन या प्रोग्रामरने युनिक्स नावाच्या संगणकप्रणालीसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला, त्याचं नावच ‘व्हेकेशन’. त्यातली अक्कल मला फार आवडते. कुणाला एकदा कळवलं की तो त्याचं नाव वहीत टिपून ठेवायचा आणि पुढचा आठवडाभर त्या माणसाला पुन्हा सांगायचा नाही. जीमेल आज चार दिवस थांबतं, आउटलुक तर एका रजेत एका माणसाला एकदाच सांगतं. हा संयम सभ्यतेपोटी नाही, गरजेपोटी आहे. समजा तुम्ही रजेवर, मीही रजेवर. तुमचं यंत्र मला सांगणार ‘मी नाही’, माझं तुम्हाला सांगणार ‘मीपण नाही’, की लगेच तुमचं पुन्हा. दोन रिकाम्या खुर्च्या रात्रभर एकमेकींना ‘पहले आप’ करत बसायच्या. म्हणून २००४ साली याचे लेखी नियमच झाले: आपोआप गेलेल्या उत्तरावर तशी खूण असावी आणि ती खूण दिसली की दुसऱ्या यंत्राने गप्प बसावं. माणसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘गुड मॉर्निंग’साठी असा नियम कुणी करेल तर मी त्याचा फोटो देव्हाऱ्यात ठेवीन.

पण किती वेळा सांगायचं हे कळलं, तरी कुणाला काय सांगायचं हे त्या यंत्राला कळत नाहीच. २००८ साली वेल्समधल्या स्वॉन्झी शहरात रस्त्यावर एक पाटी लागली. अवजड वाहनांना बंदी, वर इंग्रजीत, खाली वेल्श भाषेत. वेल्श मजकूर भाषांतरासाठी मेलने पाठवला होता, उत्तर आलं, ते छापलं. काही दिवसांनी वेल्श येणाऱ्यांनी वाचलं तर पाटीवर लिहिलं होतं: मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचं काही काम असेल तर पाठवा. म्हणजे भाषांतरकार सुटीवर आणि त्याची सुटी भररस्त्यात खांबावर.

आमच्या लालबागच्या चाळीत हे झालं नसतं. तिथे ऑटोमॅटिक रिप्लाय म्हणजे शेजारची खोली. आई किल्ली तिकडे द्यायची आणि फक्त म्हणायची, ‘जरा बघा हं.’ पुढचं सगळं त्या ‘बघा’त. दूधवाल्याला वेगळं, भिशीवाल्या बाईंना वेगळं, मामा आला तर किल्ली आणि वर चहा. चिठ्ठी मात्र दाराला कुणी लावायचं नाही. ‘चोराला आमंत्रण कशाला?’ असं वडील म्हणत. आता मीच हजारभर लोकांचे पत्ते असलेल्या मेलवरून कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत घरी नाही ते विचारेल त्याला सांगते.

भांडुपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या काकू हे खातं सांभाळतात. यंदा रविवारी रात्री परतलो तेव्हा गाऊनवर ओढणी घेऊन त्या किल्लीसकट दारातच उभ्या होत्या. रिपोर्ट तयार. कुरियर आलं, घेऊन ठेवलंय. तुळशीला पाणी घातलं, पण एक फांदी गेली, बोलू नकोस. तुझी मैत्रीण आली होती, तिला गावचा नंबर दिला. ‘आणि तो विम्यावाला आला होता गं, दोनदा.’

‘मग?’

‘सांगितलं त्याला, त्या आता सहा महिने येत नाहीत.’

मी खाज्याचा पुडा त्यांच्या हातात ठेवला. दोन ठेवायला हवे होते.

सोमवारी सकाळी ऑफिसात मशीन उघडलं. मेल ४१२. उत्तरं कधी थांबवायची ती तारीख चौकटीत टाकायला मी विसरले होते, त्यामुळे वरती ती पट्टी तशीच: तुमची ऑटोमॅटिक उत्तरं चालू आहेत, बंद करायची? शेजारच्या टेबलावरचा मुलगा मान वळवून म्हणाला, ‘मॅडम, तुम्हाला आत्ताच मेल टाकला, तर तुम्ही रजेवर आहात असं आलं.’

‘मग आहे,’ मी म्हटलं, आणि खाली टपरीवर चहाला गेले.