यांना गावाकडं घरं न्हाईत व्हय?

दर डिसेंबरात साताऱ्याकडचे पाहुणे मुंबई बघायला येतात. गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक. मुक्काम ठाण्याला आमच्याकडे. रात्री उशिराच्या लोकलने उतरून स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखालून रिक्षाकडे निघालं की पायाशी झोपलेली माणसं. तोंडावरून चादर, उशाला चपला. मग रिक्षात बसल्यावर मेहुणे विचारतात, "दाजी, यांना गावाकडं घरं न्हाईत व्हय?" त्यांच्याआधी आत्याने विचारलं होतं, तिच्याआधी आणखी कोणी.

पुष्कळांना आहेत. आमच्या सोसायटीच्या रंगकामाला जालन्याकडचा एक बिगारी होता. गावी पत्र्याचं घर, दीड एकर कोरडवाहू. ठाण्यात मात्र तो दुकानाच्या पायरीवर झोपायचा. दिव्याला नाहीतर कळव्याला खोली का घेत नाहीस, असं मी शहाणपणाने विचारलं. "खोलीचं भाडं तीस दिवसाचं, काम पंधरा दिवसाचं. कसं जमवावं?" वर डिपॉझिट. आणि सकाळी सातला मजुरांच्या नाक्यावर उभं राहिलं पाहिजे. नऊपर्यंत कोणी नेलं नाही की त्या दिवसाचा खाडा. त्याला घर नको होतं असं नाही. त्याला नाक्यापासून चालत जाता येईल अशी जागा हवी होती, आणि ती फक्त पायरी होती.

१९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच ओळखलं होतं: माणूस फुटपाथवर राहतो कारण काम तिथून जवळ असतं, आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो. पण रीतसर नोटीस देऊन हटवायला मुभा राहिलीच.

सानपाड्याला महामार्गाच्या पुलाखाली गजरे ओवणारी पारधी कुटुंबं दिसतात, त्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यातल्या कित्येकांना खरंच गाव नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यापासून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली शिक्का कागदावरून गेला, गावकऱ्यांच्या नजरेतून गेला नाही. इथे जन्मलेल्या पोरांकडे पत्त्याचा पुरावा नसतो. झोपडीवाल्याच्या दाराला निदान सर्वेक्षणाचा नंबर असतो, पुलाच्या खांबाला कसला नंबर? बेघरांसाठीच्या सरकारी निवाऱ्यात का जात नाही, असं विचारल्यावर त्यांतली एक बाई म्हणाली, "नवरा एकीकडं, पोरं घेऊन मी एकीकडं. आन् हे बोचकं कुठं ठिवू?"

घरातून हाकललेल्या म्हाताऱ्या, मानसिक आजारात वाट चुकलेले, दारूपायी उठून आलेले, हेही असतातच. आपल्याला तेवढेच लक्षात राहतात.

किती आहेत? २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री फुटपाथ, पूल, फलाट, देवळांचे ओटे फिरून माणसं मोजली. देशात १७.७ लाख, मुंबईत सत्तावन्न हजारांच्या आसपास. आता त्या रात्री पोलिसांनी कुठून उठवलं होतं, यावरही आकडा हलतो. शिवाय हॉटेलात टेबलं जोडून झोपणारा पोऱ्या, बांधकामाच्या तळमजल्यावर पथारी टाकणारा गवंडी यांच्या डोक्यावर छत, म्हणून ते बेघर नाहीत. आमचा बिगारी साइटवर असेल तेव्हा घरवाला, काम संपलं की बेघर. सरकारी निकष लाख वस्तीमागे शंभर जणांच्या एका निवाऱ्याचा आहे. ठाणे तेव्हाच अठरा लाखांवर होतं. हिशेब तुम्हीच करा.

हे सगळं मागच्या खेपेला मेहुण्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग खोली धा-पंधरा जणांत का घेत न्हाईत?" मी म्हटलं, तुमचे आबा गिरणीत होते तेव्हा लालबागच्या चाळीतल्या गाळ्यात वीस-वीस जण राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे. गाळा गिरणीपासून चालत पाच मिनिटांवर, पगार महिन्याचा. तसा गाळा नाक्याजवळ मला दाखवा.

रिक्षा घराशी आली तेव्हा ते म्हणाले, "आबांची वळकटी अजून माळ्यावर हाय."