०/८ आणि ०/२२ एकच नव्हेत

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की आठवड्याभरात हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या भागाच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा, रिपोर्ट येतो. घरचे सगळे त्यात एकच ओळ शोधतात, लिंफ नोडची, म्हणजे ज्या बारीक ग्रंथींमध्ये कॅन्सर पसरू शकतो त्यांची. तिथे ०/८ असं काहीतरी लिहिलेलं असतं. (मराठीत ट्यूमरही गाठ आणि लिंफ नोडही गाठच. या एका शब्दाने फार घोळ होतो, म्हणून इथे नोडच म्हणू.) वरचा आकडा, म्हणजे किती नोडमध्ये कॅन्सर सापडला, तो शून्य दिसला की जीव भांड्यात पडतो. पण खालचा आकडा, म्हणजे एकूण किती नोड तपासले, तोही तितकाच महत्त्वाचा आहे.

किमान १२ नोड तपासलेले असावेत, असा सर्वमान्य निकष आहे. आठच नोड पाहिले आणि सगळे स्वच्छ निघाले, तर नववा कसा होता हे कुणालाच ठाऊक नसतं. एका नोडमध्ये जरी कॅन्सर असला तरी दुसरी स्टेज तिसरी होते. म्हणूनच दुसऱ्या स्टेजमध्ये १२ पेक्षा कमी नोड हा जोखमीचा मुद्दा धरतात आणि केमोचा विचार होतो.

नोड कमी का भरतात? एक कारण ऑपरेशनमध्ये असतं. नोड आतड्याला चिकटून संपत नाहीत, रक्तवाहिन्यांच्या कडेने मुळापर्यंत जातात. त्यामुळे ट्यूमरच्या दोन्ही बाजूंना पाचेक सेंटीमीटर आतडं घेऊन भागत नाही, रक्तवाहिनी मुळाशी बांधून मेसेंटरीचा, म्हणजे रक्तवाहिन्या आणि नोड असलेल्या आतड्यामागच्या चरबीच्या पडद्याचा, पंखा अखंड काढावा लागतो. जर्मनीतल्या एर्लांगेनचे सर्जन होहेनबर्गर यांनी २००९ मध्ये याच पद्धतीचे निकाल मांडले. त्यांच्याकडे ऑपरेशननंतरच्या पाच वर्षांत त्याच जागी आजार उलटण्याचं प्रमाण ६.५ वरून ३.६ टक्क्यांवर आलं होतं.

दुसरं कारण पॅथॉलॉजीच्या टेबलावर. फॉर्मॅलिनमध्ये नीट मुरलेली चरबी पातळ कापत, बोटांनी चाचपत नोड शोधायचे असतात. कित्येक नोड तांदळाच्या दाण्याएवढे असतात आणि पाच मिलिमीटरपेक्षा लहान नोडमध्येही कॅन्सर असतो. घाईने मोठे तेवढे उचलले, तर नेमके हे राहतात. आकडा १२ च्या आत राहिला तर उरलेली चरबी पुन्हा शोधता येते, पण नमुना लॅबमध्ये काही काळच ठेवतात. तेव्हा ही विनंती रिपोर्ट आल्या आल्या करा.

तरीही केवळ जास्त नोड काढले म्हणून आयुष्य वाढतं, असं सरळ गणित नाही. जास्त तपासले की स्टेज अचूक ठरते आणि योग्य रुग्णाला केमो मिळते, हा त्यातला मोठा भाग. शिवाय शरीराने ट्यूमरला जोरदार प्रतिकार केला की नोड सुजून मोठे होतात आणि सहज सापडतात, म्हणजे जास्त आकडा ही कधी चांगल्या प्रतिकाराचीही खूण असते.

नोडच्या आकड्यात ट्यूमरची जागाही मध्ये येते. उजव्या बाजूच्या नमुन्यात मुळात जास्त नोड मिळतात. तिथे आतडं रुंद आणि मळ पातळ, त्यामुळे अडथळा उशिरा येतो. बरेचदा हिमोग्लोबिन घटणं हीच पहिली खूण ठरते. डावीकडे रक्त दिसतं, शौचाची सवय बदलते. एमएसआय-हाय ट्यूमर (ज्यांच्या पेशींत डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असते) उजवीकडे जास्त आढळतात आणि दुसऱ्या स्टेजमध्ये त्यांचं भवितव्य चांगलं असतं. चौथ्या स्टेजमध्ये मात्र उजवी बाजू जड जाते. सेटुक्सिमॅबसारखी टार्गेटेड औषधं तिथे उपचारांच्या पहिल्या फळीत सहसा उपयोगी पडत नाहीत, ज्याच्या बदलामुळे ही औषधं निष्प्रभ ठरतात ते रास जनुक बदललेलं नसलं तरीही. ‘उजवीकडचा वाईट’ असं सरसकट म्हणणं म्हणूनच चूक.

तिसऱ्या स्टेजमध्ये वरचा आकडा मोजा. एक ते तीन नोड आणि ट्यूमर टी४ (आतड्याच्या भिंतीबाहेर आरपार गेलेला) नसेल तर कॅपॉक्स (कॅपेसिटॅबिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिन ही केमो) तीन महिने बहुधा पुरते. चार किंवा जास्त नोड असतील, किंवा टी४ असेल, तर सहसा सहा महिने. केमो ऑपरेशनपासून आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी लागते. एमएसआयची तपासणी त्याआधी हवीच, कारण दुसऱ्या स्टेजच्या एमएसआय-हाय रुग्णाला नुसत्या फ्लुओरोयुरॅसिल या केमोच्या औषधाचा फायदा होत नाही.